तिसऱ्या सिलिंडरबाबत एकमत

घर बाबांचं होतं आणि गाडी जावयाची. भांडणाला एवढं भांडवल पुष्कळ झालं. त्यात गाडी उभी राहायची घराच्या पोर्चमध्ये, म्हणजे जावयाच्या चाकांखाली सासऱ्यांची फरशी. त्या फरशीवर पहिल्याच महिन्यात तेलाचा एक डाग पडला. तो गाडीचा की बाबांच्या जुन्या स्कूटरचा, यावर दोघांनी आपापली मतं पक्की केली होती, पण ती एकमेकांना ऐकवायची सोय नव्हती. कारण गेली चार वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे काही मारामारी नव्हती हो. एका टेबलावर जेवायचे, एकच पेपर अर्धा अर्धा वाटून वाचायचे. फक्त काही सांगायचं असलं की मध्ये ताई लागायची. ताई म्हणजे बाबांची एकुलती एक लेक आणि जावयाची, अर्थातच, एकुलती एक बायको. लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, तेच नाव हळूहळू घरातही चिकटलं. "तुझ्या नवऱ्याला सांग, बाथरूमचा नळ नीट बंद करत जा," असं बाबा म्हणायचे तेव्हा नवरा तीन फुटांवर भात कालवत असायचा. "बाबांना सांग, नळाचा वायसर गेलाय," असं तो भाताकडे बघत म्हणायचा. ताईने दोन्ही निरोप पोचवले असं धरून जेवण पुढे चालायचं.

कारण विचाराल तर हीच गाडी. बाबांनी छत्तीस वर्षं बसडेपोत इंजिनं खोलली होती. नुसत्या आवाजावरून, बॉनेट न उघडता, ते रोग सांगायचे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करायचे. अशा माणसाला न विचारता जावयाने गाडी घेतली! हा जावई एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढायचा. गाडी घ्यायच्या आधी त्याने तीन महिने वाचन केलं, तक्ते केले, गुण दिले आणि जिला सगळ्यात जास्त गुण पडले ती आणली. कार्यालयातले चार मित्र पेढे खायला पोर्चमध्ये जमलेले असताना बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर टिचकी मारली आणि म्हणाले, "डबा आहे." संपलं. त्या दिवसापासून ताईची निरोप पोचवायची नोकरी सुरू झाली.

आता तिची खरी नोकरी. एकोणीस वर्षं ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करत होती आणि एकोणीस वर्षं तिच्या रिपोर्टखाली दुसऱ्याची सही होत होती. तपासायचं तिने, चूक निघाली तर ऐकायचं तिने, सही मात्र साहेबांची. आणि आता, एक्केचाळिसाव्या वर्षी, टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलात लॅबप्रमुखाची जागा तिला मिळाली होती. म्हणजे मिळत होती. आधी महिनाभर चाचणी. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, सगळ्या लॅबसमोर, तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं, "हे बघा, आठला लोक उपाशीपोटी दाराशी येऊन बसतात. म्हातारी माणसं, साखरेचे पेशंट, पोटुशा बायका. मागचे प्रमुख उशिरा यायचे, एक आजोबा दारातच चक्कर येऊन पडले. त्यामुळे माझा एकच नियम आहे. महिन्यात तीनदा दार उशिरा उघडलं तर जागा दुसऱ्याला."

नियम बरोबरच होता. ताईने स्वतः केला असता तरी असाच केला असता. हॉस्पिटल घरापासून अडतीस किलोमीटर, त्यातले शेवटचे बारा चढाचे. पहिली बस वर पोचायची सव्वानऊला. भाड्याच्या गाड्या वर यायला नाही म्हणायच्या, परतीला माणूस मिळत नाही म्हणून. तेव्हा गाडी. पावणेसातला निघायचं, पावणेआठला पोचायचं, दार उघडायचं. घरी आल्यावर तिने एका कोऱ्या कागदावर आपली सही चार-पाचदा करून बघितली होती आणि मग कोणी बघायच्या आत तो कागद फाडून टाकला होता.

पहिल्याच आठवड्यात, बुधवारी, चढावरच्या चौथ्या वळणाला गाडीने मिस मारलं. आधी पिकअप गेला, मग उचकी लागल्यासारखी सगळी गाडी धक् धक् हलायला लागली, समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. ताई घाबरली आणि कडेला थांबली. वीस मिनिटं थांबून पुन्हा चालू केली तर गाडी एकदम शहाणी. जणू काही झालंच नाही. पण दाराशी ती पोचली आठ वाजून तेरा मिनिटांनी, आणि सव्वीस उपाशी माणसांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती तिला दिवसभर पुरली.

संध्याकाळी येताना तिने गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने गल्लीत एक चक्कर मारली, कान खाजवला आणि म्हणाला, "काय नाय ताई, मक्खन आहे." दुखणं होतं ते असं. इंजिन चांगलं तापलं आणि वर चढ लागला तरच दिसायचं, बाकी वेळ पत्ता नाही.

जेवताना तिने घरात सांगितलं. उशीर, नियम, तीनदा, सगळं. "आता दोन उरलेत," ती म्हणाली. दोघांनी घास थांबवला. मग बाबा म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं." नवरा म्हणाला, "बाबांना सांग, डेपोतल्या बसेस काय विमानासारख्या पळत नव्हत्या."

ताईने ताटावर हात आपटला. वाटीतली आमटी टेबलक्लॉथवर सांडली.

"बास! आजपासून मी कोणाचा कोणाला निरोप सांगणार नाही. काय बोलायचं ते तोंडाने बोला, नाहीतर गिळा. मी काय टेलिफोन आहे?"

दोघंही चाट पडले. चार वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. ती तडक उठून हात धुवायला गेली आणि तिला इतकं हलकं वाटलं की हे आपण चार वर्षांपूर्वीच का केलं नाही असं मनात आलं. आता एवढं खरं की निरोप बंद करायला तिने नेमका जो दिवस निवडला, त्याहून वाईट दिवस शोधूनही सापडला नसता. पण ते तिला तेव्हा कसं कळणार?

त्या रात्री झोपताना नवरा हळूच म्हणाला, "गाडीचं मी बघतो. रविवारी. फक्त बाबांना कळू देऊ नकोस हं, नाहीतर खुर्ची टाकून बसतील आणि डेपोच्या गोष्टी सांगतील." सकाळी चहा गाळताना बाबा मागे येऊन उभे राहिले. "बाळ, गाडी मी बघतो. रविवारी. त्याला बोलू नकोस. ते त्याचं खेळणं घेऊन मध्ये मध्ये करेल." खेळणं म्हणजे नवऱ्याने नुकताच मागवलेला स्कॅनर. स्टिअरिंगखाली खोचायचा, फोनला जोडायचा, की कोणता सिलिंडर चुकतोय ते फोनवर आकड्यात दिसतं.

"मी कोणाला काही सांगणार नाही," ताईने दोघांनाही सांगितलं, आणि ती शब्दाची पक्की होती.

आता इथे थोडं इंजिन समजून घ्यावं लागेल, घाबरू नका. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल, वीतभर लांबीची, काळी. ती ठिणगीला वीज देते. कॉइल बिघडली की तो सिलिंडर काम सोडतो आणि बाकीचे तिघं त्याला ओढत नेतात. म्हणून गाडी हलते. स्कॅनरने सांगितलं, तिसरा सिलिंडर. बाबांच्या कानानेही सांगितलं, तिसरा. पण तिसऱ्यात बिघाड कॉइलचा की आणखी कशाचा? त्याला एक सोपी युक्ती आहे, आणि ती डेपोतही माहीत होती आणि वाचनातही होती. तिसऱ्यावरची कॉइल काढून पहिल्यावर लावायची आणि पहिल्यावरची तिसऱ्यावर. मग गाडी चढावर न्यायची. मिस मारणं पहिल्यात गेलं, तर चोर कॉइल. तिसऱ्यातच राहिलं, तर कॉइल निर्दोष. यात फसायला जागा नाही.

नवऱ्याने रविवारी सकाळी सहाला, सगळे झोपलेले असताना, तीन आणि एकच्या कॉइलची अदलाबदल केली. वहीत लिहिलं, तारीख-वेळ घातली, आणि चढावर नेऊन बघायचं काम संध्याकाळवर ठेवलं, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. दुपारी जेवून तो आडवा झाला. तो घोरायला लागला तसे बाबा पोर्चमध्ये गेले आणि त्यांनीही तीन आणि एकची कॉइल बदलली. वहीबिही नाही. छत्तीस वर्षांच्या डोक्यात जागा भरपूर होती.

पाचला नवऱ्याने गाडी चढावर नेली. चौथ्या वळणाला धक् धक्. स्कॅनर म्हणाला, तिसरा. त्याने वहीत लिहिलं, "कॉइल ठीक." तो परत येऊन मित्राकडे गेला तसे बाबा "जरा पान खाऊन येतो" म्हणून गाडी घेऊन गेले आणि पान न खाता चढावर गेले. कान म्हणाला, तिसरा.

रात्री नवरा ताईला म्हणाला, "एक गोष्ट शंभर टक्के नक्की. कॉइलचा प्रश्नच नाही." सकाळी बाबा म्हणाले, "कॉइल सोडून बोल. कॉइल चोख आहे."

आणि ताईचा जीव भांड्यात पडला. बघा ना, ज्या दोन माणसांचं चार वर्षांत नळाच्या वायसरवरही एकमत झालं नाही, त्यांचं कॉइलबाबत झालं. लॅबमध्ये सुद्धा दोन वेगळ्या हातांनी केलेल्या तपासणीचा निकाल सारखा आला तर तो खरा धरतात. तिने पण धरला.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पुन्हा तेच. आठ वाजून सोळा. मोठे डॉक्टर दाराशी उभे होते. नुसते घड्याळ बघून आत गेले. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. घरी आल्यावर तिने फक्त एवढंच सांगितलं, "आता एकच उरला." जेवली नाही.

दोघांनाही मनापासून वाईट वाटलं, हे इथे सांगायलाच हवं. प्रेम दोघांचंही तिच्यावर होतं, त्यात खोट नव्हती. नवरा त्या रविवारी पाचलाच उठला. कॉइल निर्दोष, म्हणजे आता स्पार्क प्लग. त्याने चार नवे प्लग आणून बसवले, जुने कागदात गुंडाळून कपाटामागे ठेवले. दुपारी बाबांनी चार नवे प्लग आणले आणि आतले काढून बघतात तर काय, चार वर्षं चाललेले प्लग लख्ख! एक काजळीचा ठिपका नाही. बाबा बराच वेळ ते हातात फिरवत राहिले. "कंपनीने प्लग मात्र चांगले दिलेत हो," ते स्वतःशीच म्हणाले. या गाडीबद्दल चार वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. मग त्यांनी ते नवे प्लग काढून आपले नवे बसवले. शिवाय दोघांनी, एकाने शनिवारी आणि एकाने सोमवारी, इंजिन आतून साफ करायचं औषध टाकीत ओतलं. गाडीला इतकी सेवा तिच्या आयुष्यात मिळाली नव्हती. तिने मात्र मिस मारणं सोडलं नाही.

तिसरा आठवडा ताईने सव्वासहालाच निघून काढला. रोज चौथ्या वळणावर थांबायचं, गाडी निवू द्यायची, पुढे जायचं. असं किती दिवस? शनिवारी दुपारी लॅबमध्ये एका नव्या मुलीने दोन नळ्यांवर चिठ्ठी न लावता त्या रॅकमध्ये ठेवल्या, तेव्हा ताई तिला अशी काही बोलली की मुलगी रडवेली झाली. "नमुना कोणी घेतला, कोणी हलवला, किती वाजता, हे लिहिलं नाही तर तो नमुना नाही, नुसतं पाणी आहे पाणी!" ताई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिला घरचं पोर्च डोळ्यांसमोर दिसलं.

घरी आल्यावर, दोघं टीव्हीपुढे असताना, तिने बॉनेट उघडलं. नवऱ्याच्या वहीतल्या आकृतीवरून कॉइल कुठे असतात ते तिला कळलं होतं. तिने नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक कॉइलवर ठिपके दिले. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. गुलाबी. पुरुषांना नेलपॉलिश नखांवर दिसत नाही, ती कॉइलवर काय दिसणार, याची तिला खात्री होती, आणि ती खरी ठरली.

त्या रविवारी नवऱ्याने वही पहिल्या पानावर आणली. काहीच सापडत नसेल तर पुन्हा पहिल्या पायरीपासून, असं त्याचं तत्त्व. बाबांचंही तत्त्व तेच, फक्त वहीशिवाय. सकाळी आठला ताईने बॉनेट उघडून बघितलं. पहिल्या सिलिंडरवर तीन ठिपके. दुपारी साडेतीनला पुन्हा बघितलं. तीन ठिपके तिसऱ्यावर परत.

ती पोर्चच्या पायरीवर मटकन बसली. आधी तिला हसू आलं. मग ते दोन उशीर आठवले, ती दाराशी बसलेली माणसं आठवली, आणि हसू गेलं. या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला एक वाक्य, एकच वाक्य, सांगितलं असतं. किंवा तिने.

"बाहेर या!" ती ओरडली. "दोघंही!"

नवरा झोपेतून उठून लुंगी सावरत आला, बाबा चष्मा शोधत. ताई बॉनेटपाशी उभी होती.

"आज सकाळी तीन आणि एकची कॉइल कोणी बदलली?"

नवऱ्याने शाळेत वर करतात तसा हात वर केला.

"आणि दुपारी?"

बाबांनी हात वर केला नाही, पण खाकरले.

"मागच्या-मागच्या रविवारी पण?"

बाबांनी मान वळवली. ताईकडे नाही, जावयाकडे. "तू तीन आणि एक बदललीस?"

"हो," जावई म्हणाला. "तुम्ही?"

"मी पण तीन आणि एकच."

"मग प्लग..."

"नवे टाकले मी. तू?"

"मी पण नवे टाकले."

"अरे गाढवा, म्हणजे मी ते तुझे नवे प्लग काढून फेकले!" बाबा म्हणाले आणि हसायला लागले. जावईही हसायला लागला. दोघं बॉनेटला धरून इतके हसले की ताईलाही राहवलं नाही. चार वर्षांनी बाबांनी त्याला पहिल्यांदा हाक मारली ती 'गाढवा' अशी, पण मारली तर खरी.

पुढचं तर दोन तासांचं काम. तीन आणि एकच्या कॉइलची अदलाबदल एकदाच, सगळ्यांच्या देखत, केली. तिघंही चढावर गेले, बाबा पुढे, ताई मागे. चौथ्या वळणाला धक्का बसला आणि स्कॅनरने सांगितलं, पहिला. "चोर सापडला!" दोघं एकदम ओरडले. बाबांच्या डेपोतल्या एका दोस्ताचं सुट्या भागांचं दुकान होतं, त्याला घरून उठवून आणलं, नवी कॉइल घेतली, बसवली. रात्री जेवताना दोघं बोलत होते ते ताईने ऐकतच राहावं असं. डेपो, नकाशे, पहिली स्कूटर, फरशीवरचा डाग. डाग स्कूटरचा होता, बाबांनी कबूल केलं. मध्ये कोणीही "बाबांना सांग" की "नवऱ्याला सांग" म्हणालं नाही. तिला खरंच आनंद झाला, इतका की ती उगीचच दोनदा भात वाढायला उठली. उद्यापासून शेवटचा आठवडा. गाडी ठीक. घर ठीक. रिपोर्टखाली सही आपली. ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोपली.

सोमवारी सकाळी सहाला ती चहा टाकायला उठली तर पोर्च रिकामा. टेबलावर चिठ्ठी, नवऱ्याच्या नकाशातल्या रेखीव अक्षरात. "गरम इंजिनावर चढाची शेवटची चाचणी घेऊन येतो. बाबा सोबत आहेत. साडेसहापर्यंत हजर." खाली बाबांच्या वाकड्या अक्षरात, "काळजी नसावी."

साडेसहाला ती पर्स खांद्याला लावून फाटकाशी उभी राहिली. सहा चाळीस. पावणेसात. तिने नवऱ्याला फोन लावला. फोन कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. फोन आला की स्कॅनरचे आकडे जातात, हे तिला माहीत होतं. बाबा फोन बाळगतच नसत. सात. तिने भाड्याच्या तीन गाड्यांना फोन केले, तिघांनी वर यायला नाही म्हटलं. शेजारचे कुलूप लावून गावाला गेलेले. सात दहा. रस्त्यावर एक दूधवाला, एक कुत्रं. सात वीसला आता पंख लावले तरी आठला पोचणं शक्य नव्हतं, तेव्हा तिने मोठ्या डॉक्टरांना फोन केला, कारण दाराशी लोक उपाशी बसणार होते आणि दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती.

डॉक्टर रागावले नाहीत. "मी उघडतो दार," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "ताई, तुमचं काम उत्तम आहे. पण नियम मी सगळ्यांसमोर सांगितलाय. किल्ल्या आज आणून द्या. सावकाश या, घाई नको."

"बरं," ती म्हणाली.

सात पन्नासला गाडी वळणावरून आली. काचा खाली, दोघं हातवारे करत बोलतायत. बाबा गाडी थांबायच्या आतच उतरले. "बाळ, एक झटका नाही! दोनदा वर जाऊन आलो. तिसऱ्यांदा वरच्या चहावाल्यापाशी जरा टेकलो..."

"बाबांनी मला इंजिनाच्या टायमिंगची सगळी गंमत सांगितली," नवरा उतरून दाराला हात टेकत म्हणाला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. "काय ज्ञान आहे अगं या माणसाला! ते फोन मी कापले, सॉरी हं, रीडिंग चालू होतं."

"माझी जागा गेली," ताई म्हणाली.

इंजिन चालू होतं, पण इतकं गप्प की तिचे शब्द स्पष्ट ऐकू गेले. दोघांनी घड्याळ बघितलं. दोघांचे चेहरे उतरले, अगदी एकदम. नवरा "अगं पण..." म्हणाला. बाबा पायरीवर बसले.

मग बाबा म्हणाले, "एक मात्र आहे. रोज अडतीस किलोमीटर म्हणजे दगदगच होती."

"तेच म्हणतो मी," नवरा म्हणाला. "आणि त्या डॉक्टरांचा नियम पण जरा अतिच नाही का?"

"अतिच. माणूस आहे की मशीन?"

"बरोबर बोललात बाबा."

ताईने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं. दोघं तिच्याकडे बघून मान हलवत होते, मायेने, एकाच लयीत. तिला भयंकर राग आला. ती पुढे झाली आणि नवऱ्याच्या हाताखालून दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"तू कुठे निघालीस?" दोघांनी एकदम विचारलं.

"किल्ल्या द्यायला."

गाडी पळत होती. सपाट रस्ता संपला, चढ लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तीन आठवड्यांच्या सवयीने तिचे खांदे आखडले आणि चाकावरची मूठ घट्ट झाली. चौथं वळण आलं. पिवळा दिवा लागला नाही, पिकअप गेला नाही, इंजिन लोण्यासारखं वर चढत राहिलं. एक तरी धक्का बसावा, असं ताईला अगदी मनापासून वाटलं. म्हणजे वर जाऊन सांगता आलं असतं की गाडी बिघडली. तिने वळणावर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि मोठ्याने रडून घेतलं. मग डोळे पुसले, पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून शेजारच्या सीटवर ठेवला आणि गिअर टाकला.